हलू नका

बुधवार, ८ जानेवारी २०२५

मनाली मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही सुरू करतो आहे. त्या आठवड्यातून तीनदा लताचा सराव घ्यायला येतात. म्हणाल्या, "काका, काकूंना कोणती वस्तू ओळखता आली, कोणती वापरता आली, ते रोज लिहा. आणि तुम्हाला काय वाटलं तेही लिहा." पहिलं काम जमेल. नाशिकला अंबडच्या कंपनीत मी निवृत्त होईपर्यंत क्वालिटी तपासणीला होतो, पाहिलेलं लिहिणं हेच काम होतं. दुसरं जमेलसं वाटत नाही.

लताला डिसेंबरात झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे. हातपाय चालतात. नजरही चांगली आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासली. पण वस्तू पाहून ती काय आहे हे तिला कळत नाही. बोलणंही एखाददुसऱ्या शब्दावर आलं आहे.

आज तिच्यापुढे कंगवा ठेवला. तिने बराच वेळ पाहिला, "चमचा" म्हणाली आणि तो चहात बुडवला. मॅडमनी तिचे डोळे मिटायला लावले, कंगवा पुसून हातात दिला. तेव्हा तिने केस विंचरले, अंबाडाही घातला. डोळे उघडल्यावर हातातल्या कंगव्याकडे पुन्हा नवख्यासारखी पाहू लागली.

मला काय वाटलं ते लिहायचं आहे. काय वाटलं ते सांगता येत नाही.

रविवार, १२ जानेवारी

मॅडमनी कागदावर डोकं काढून समजावलं. वस्तू पाहून ती कोणती हे सांगणारा रस्ता मेंदूत खालच्या अंगाने जातो, कानाच्या दिशेने. ती कशी धरायची, कशी चालवायची हे सांगणारा रस्ता वरच्या अंगाने जातो. आपल्याला वाटतं, कात्री दिसली, कात्री कळली, कात्री चालवली, सगळं एकच. तसं नसतं. दोन्ही रस्ते एकमेकांना सतत निरोप देतात म्हणून ते एक वाटतं. लताचा खालचा रस्ता तुटला आहे. वरचा शाबूत आहे.

"मग वरच्याने जाऊ," मी म्हणालो.

"तेच करतोय आपण. पण काका, वरच्या रस्त्यावर रोज केलेलंच सापडतं. पाचदहा वेळा केलेलं नाही सापडत. वर्षानुवर्षं हातातून गेलेलं असावं लागतं."

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. पायलने बाजरीचं पीठ मळून लतापुढे ठेवलं. पायल म्हणजे दिवसभर लताजवळ असते ती मुलगी, तिने नर्सिंगचा कोर्स केला आहे.

"काकू, हे काय?"

"चिखल."

पायल हसली, लताही हसली. मग पायलने मागून तिचे डोळे झाकले आणि गोळा हातात दिला. लताने भाकरी थापली, कड कुठेही फाटली नाही. थापून झाल्यावर तिचा हात उजवीकडे काहीतरी चाचपू लागला. भोगीच्या भाकरीला तीळ लावतात. तीळ ठेवायला आम्हीच विसरलो होतो.

रविवार, १९ जानेवारी

टीव्हीचा रिमोट दिला. तो तिने परातीत खिसणीसारखा तिरका टेकवला. डोळे मिटूनही काही जमलं नाही. स्कूटरची किल्ली, बँकेचं कार्ड, नेलकटर, माझा मोबाइल यांतलं काही जमलं नाही. या सगळ्या वस्तू घरात मीच वापरतो हे संध्याकाळी लक्षात आलं. तिने त्या कधी मागितल्या नाहीत.

कंपनीत आमच्याकडे भोकाचं माप तपासायला गेजची जोडी असे. एक गेज भोकात गेलाच पाहिजे, दुसरा जाताच कामा नये. दोन्ही बरोबर असलं की पीस पास. लताचा हातही तसाच तपासता येतो. रोजची वस्तू जमली पाहिजे, परकी जमता कामा नये. आतापर्यंत एकही पीस चुकीचा निघालेला नाही.

मी मॅडमना म्हणालो, "हिचा हात खोटं बोलत नाही."

"हात कशाला खोटं बोलेल, काका?" त्या म्हणाल्या.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज पहिला रिजेक्ट. लताचा नेहमीचा किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात देऊन तिला दाराशी उभं केलं. डोळे मिटलेले. तिने बोटांनी चाचपून आमच्या लॅचची किल्ली सोडली आणि एक छोटी, झिजलेली किल्ली काढली. ती कुलपात जाईना. मग डाव्या हाताने दाराची मूठ धरून ती वर उचलू लागली आणि गुडघा दाराच्या खालच्या फळीवर टेकवला. आमचं दार सरळ आहे, उचलावं लागत नाही.

"किल्लीही चुकली, कृतीही चुकली," मॅडमनी लिहून घेतलं.

ती किल्ली कसली ते मला आठवलं नाही. जुन्या कपाटाची असेल.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दवाखान्यात लताची साखर वाढलेली निघाली होती, म्हणून डॉक्टरांनी काही दिवस इन्सुलिन सांगितलं आहे. आमच्या घरात याआधी कुणाला साखर नव्हती. सकाळी पायल टोचते.

आज पायलचा फोन वाजला. तिने इन्सुलिनची बाटली सहज लताच्या हातात दिली, "धरा जरा काकू." लता खिडकीबाहेर पाहत होती. तिचे तळवे हलायला लागले. बाटली दोन्ही तळव्यांत धरून ती हळू हळू फिरवत होती, वातीचा कापूस वळतात तशी.

पायल फोन ठेवून बघतच राहिली. "अगं बाई! काकूंना कोणी शिकवलं?" म्हणाली. इन्सुलिन हलवायचं नसतं, असंच फिरवायचं असतं म्हणे. मग तिने सिरिंज दाखवली, "हे काय काकू?"

"पेन," लता म्हणाली.

पायलने तिचे डोळे झाकून सिरिंज हातात दिली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. लताने टोपण काढलं. आधी सिरिंजमध्ये हवा ओढली, ती बाटलीत सोडली, बाटली उलटी केली, औषध ओढलं, नखाने दोनदा टिचकी मारून बुडबुडा वर घालवला. पायलने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. लताने सुई स्वतःला टोचायला नेली नाही. ती डावीकडे वळली. तिचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता, शेजारी बसलेल्या माणसाचा दंड असतो तेवढ्या उंचीवर. तिथे हवेतच तिने चिमूट धरली आणि म्हणाली,

"हलू नका. झालं, झालं."

आजारपणानंतर एवढं लांब ती पहिल्यांदाच बोलली. पायलने टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मनाली मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, "घरी कुणाला डायबेटिस होता का? सासूबाईंना?"

"आईला हृदयाचं होतं."

"काकूंनी कधी दवाखान्यात नोकरी केली होती?"

"नाही. ती घरीच असायची."

त्या म्हणाल्या, "कुणीतरी असणार, काका. हे दोनचार वेळा केलेलं नाही. हे रोजचं आहे."

मी म्हणालो, तुमची पद्धत कुठेतरी चुकत असेल. पद्धत चुकत नाही हे गेजच्या दिवशी मीच लिहिलं आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

लताचा भाऊ यादव सटाण्याला कांद्याच्या व्यापारात आहे. त्याला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, तुला साखर आहे का.

"मला? नाय दाजी. उलट चहात साखर कमी पडती म्हणून बायकोशी रोज भांडण. का हो?"

"सहज."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की विचारायची गरजच नव्हती. यादवला ती तू म्हणते. त्याला ती "हलू नको" म्हणाली असती. बरोबरीची बाई असती तरी "नको गं" म्हणाली असती, आणि आईला तर साखर नव्हती. ती "नका" म्हणाली. लता "नका" मला म्हणते. दूधवाल्याला म्हणते. सोसायटीच्या चेअरमनना म्हणते. म्हणजे पुरुष. तिच्या रक्ताचा नाही. आणि ती रोज त्याच्या इतकी जवळ बसत होती की दंड धरता यावा.

लग्नाला सदतीस वर्षं झाली. आज जेवलो नाही. पायलला सांगितलं, पित्त झालंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लता रोज सकाळी साडेसहाला फिरायला जायची आणि आठच्या सुमारास परत यायची, हातात फुलं आणि दुधाची पिशवी. कंपनीत असताना मी तेव्हा बसमध्ये असायचो. निवृत्त झाल्यावर पेपर वाचत असायचो. जॉगिंग ट्रॅकवर जाते, मैत्रिणी असतात, असं ती सांगायची.

आज सकाळी ट्रॅकवर गेलो. बायकांचा घोळका होता. मी ओळख दिली आणि लता आजारी असल्याचं सांगितलं.

"लताबाई? पवननगरच्या?" एक जण म्हणाली. "त्या कुठे यायच्या आमच्यात? त्या तर तिकडे शेअर रिक्षाच्या स्टँडवर दिसायच्या. आम्ही म्हणायचो, बाईंना नोकरी असेल."

दुसरीने तिला कोपर मारलं. मला ते दिसलं.

घरी लता खुर्चीत बसली होती. मला पाहून हसली. माणसं ती ओळखते, वस्तूच फक्त ओळखत नाही. मी हसलो नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी पायल नव्हती. लता झोपली होती. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी उभा राहिलो. रिजेक्ट झालेला पीस पुन्हा मोजायचा, ही कंपनीतली सवय. लताने केलं तसंच करून पाहायचं ठरवलं. ती छोटी किल्ली उजव्या हातात धरली. डाव्या हाताने मूठ वर उचलली. गुडघ्याचं मला आठवलं नव्हतं. पण मूठ उचलताच माझा गुडघा आपण होऊन पुढे गेला आणि फळीला टेकला.

मग कळलं. सातपूर कॉलनीतली खोली.

गावाहून आम्ही दोघं भाऊ नोकरीसाठी नाशिकला आलो, तेव्हा तिथे राहिलो. लग्नानंतर लताही दोन वर्षं तिथेच होती. ते दार खाली उतरलेलं होतं, उचलून गुडघा लावल्याशिवाय उघडत नसे. किल्ली मी इतके दिवस पाहत होतो आणि ओळखली नव्हती. हाताने ओळखली.

त्या खोलीत आता नवनाथ राहतो. माझा धाकटा भाऊ. हे नाव मी चौदा वर्षांत लिहिलेलं नाही.

२०११च्या मे महिन्यात आई गावी वारली. मी कंपनीच्या कामाला चेन्नईला होतो. फोनवर नवनाथला सांगितलं, मी येईपर्यंत थांबा. थोरला मी, आईला अग्नी मी द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा राख निवत आली होती. लता आधीपासून गावीच होती. ती रडत म्हणाली, "मी खूप सांगितलं, भाऊजींनी ऐकलं नाही." नवनाथ समोर उभा होता. एक शब्द बोलला नाही. बोलण्यासारखं काही असतं तर बोलला असता.

तेव्हापासून मी त्याच्याशी संबंध ठेवला नाही. सुरुवातीला लता कधी कधी काढायची, "अहो, त्या दिवशी ना..." मी उठून जायचो. मग तिने तो विषय सोडला. समेट करा असं तिने एकदाही म्हटलं नाही. सगळे नातेवाईक मला समजावायला आले, ती आली नाही. ती एकटी माझ्या बाजूची आहे असं मी धरून चाललो होतो.

आणि रोज सकाळी ती त्याच्याकडे जात होती.

परपुरुष असता तर एक वेळ मला समजलं असतं. हे समजत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सातपूरला गेलो. कॉलनी फारशी बदललेली नाही. दाराशी उभा होतो तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक बाई हात पुसत बाहेर आल्या.

"मीटरवाले का? मीटर जिन्याखाली हाय."

"नाही."

"मग काय विकायला आलात? तो काय घेणार नाय. त्याला धड दिसत पण नाय." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "ओ, ही किल्ली तर बाईंची! तुम्ही कोण त्यांचे?"

त्यांना उत्तराची गरज नव्हती.

"रोज यायच्या सकाळी, सुई द्यायला. साखरेनं डोळे गेले ना त्याचे, रिक्षा पण विकली. सुईवरच्या रेघा दिसत नायत. सकाळची देऊन संध्याकाळची भरून ठेवायच्या. सात वर्सं! अन् आता दोन महिनं झालं, तोंड दाखवलं नाय. लय माया लावली अन् सोडून दिला. मी नेते दवाखान्यात, जमल तवा. मला काय तेवढाच उद्योग हाय का?"

"लंकाबाई, कोण शे?" आतून आवाज आला. तो आवाज मी लगेच ओळखला.

मी किल्ली फिरवली, दार उचललं. आत नवनाथ खाटेवर बसला होता. एका पायाला फडकं गुंडाळलेलं. दाराचा आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"वहिनी?"

आणि तो डाव्या हाताची बाही वर करायला लागला.

मी चपलांसकट एक पाऊल आत टाकलं होतं. बाही दंडापर्यंत गुंडाळून त्याने हात पुढे धरला होता. "बोला ना," तो म्हणाला. "रागावलात का? का दादाला कळलं?"

मी दार ओढून घेतलं आणि परत आलो. लंकाबाई मागून काहीतरी बोलत होत्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लताच्या समोर बसलो आणि म्हणालो, "नवनाथ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. तिचे तळवे एकमेकांवर फिरायला लागले, मध्ये बाटली नसताना.

मी उठून बाहेर आलो. सात वर्षं म्हणजे किती खोटं ते मोजून पाहत होतो. रोज सकाळी एक. फुलं आणायची ती त्यासाठीच.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मनाली मॅडमना आता आठवड्यातून एकदाच या म्हणून सांगितलं आहे. वस्तूंचे प्रयोग बंद केले. पायल आज म्हणाली, "काका, काकूंशी बोलत जा ना. तुम्ही खोलीत आलात की त्या तोंडाकडे बघत बसतात."

मी म्हणालो, तिला कळत नाही.

"सगळं कळतं त्यांना," पायल म्हणाली आणि भांडी घेऊन गेली.

मंगळवार, ११ मार्च

लता शुक्रवारी गेली. दुसरा झटका आला. सकाळी पायल आली तेव्हा ती उठली नाही.

मुलगा दीपक आणि सूनबाई पुण्याहून दुपारपर्यंत आले. सटाण्याहून यादव आणि त्याची माणसं आली. तिरडी बांधून झाली तेव्हा दीपक मला बाजूला घेऊन म्हणाला, "पप्पा, काकांना कळवलं का?"

"नाही."

"मी आणतो. सातपूरहून यायला वीस मिनिटं लागतील."

"कुणासाठी थांबायचं नाही," मी म्हणालो.

दीपक तिरडीकडे परत गेला. अमरधाममध्ये त्याने अग्नी दिला. मी उभा होतो. मला वाटलं होतं की आज काहीतरी फिटेल. तसं काही झालं नाही. धूर डोळ्यांत जात होता एवढंच.

शेवटचे पंधरा-सोळा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. हे लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

गुरुवार, २७ मार्च

तेरावं होऊन गेलं. दीपक परत गेला. आज सकाळी सातपूरला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. त्याला विचारायचं होतं, तू तिला माझ्यापासून का तोडलंस. वाक्य रिक्षात जुळवून ठेवलं होतं.

या वेळी दार वाजवलं.

"कोण शे?"

आई गेल्यापासून माझ्याशी आमच्या गावच्या बोलीत कुणी बोललेलं नाही.

"मी."

आत खाट करकरली. मग तो म्हणाला, "उचलून घे दादा. किल्ली हाय ना तुझ्याकडं."

आत गेलो. "चप्पल काढ," नवनाथ म्हणाला. "मागल्या वेळी काढली नव्हतीस. त्यावरूनच मागाहून कळलं, वहिनी नाय ते."

त्याच्या डोक्यावर केस नव्हते, नुसते खुंट उगवले होते.

"दहाव्याला केलं," तो डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "गावाहून फोन आला होता मला. लंकाबाईंनी न्हावी आणला. आईच्या वेळी केलं होतं, तसंच." मग म्हणाला, "वाट नाय पाहिलीस माझी."

"तू पाहिली होतीस?"

हे वाक्य मी चौदा वर्षं सांभाळलं होतं. बोलून झाल्यावर त्यात काहीच उरलं नाही.

नवनाथ खाटेची पट्टी बोटांनी चाचपत राहिला. "ती होती तवर बोललो नाय. आता बोलू का?"

"बोल."

"मी थांबणारच होतो दादा. तू सांगितलं होतंस, मी थांबणारच. पण दुपार झाली. मे महिना. बर्फ कुठं मिळंना. आईचं तोंड सुजायला लागलं. वहिनी म्हणाली, ह्यांना आई अशी बघवायची नाही. उरकून घ्या भाऊजी, मी समजावते त्यांना. सकाळी तू आलास तो अंगावर धावून आलास. ती भ्याली. तिच्या तोंडून भलतंच निघालं. मग माझ्याकडं बघितलं तिनं. कसं बघितलं ते अजून दिसतं मला, बाकी काय दिसत नाय तरी. मी म्हटलं, असू दे. चार दिवसांत तुझा राग उतरंल, मग सांगंल ती."

"चौदा वर्षं झाली."

"दर दिवाळीला म्हणायची, यंदा सांगते. मग माझे डोळे गेले, सुईचं सुरू झालं, मग तेही लपवायचं आलं. एकाच्या दोन गोष्टी झाल्या." तो जरासा हसला. "तुझ्या रागाला हात कोण लावणार?"

"तू का नाही सांगितलंस?"

"तू ऐकायला कधी आलास?"

मी उठलो. म्हणजे त्या दिवशी ती खोटं बोलली, आणि पुढची चौदा वर्षं दोघांनी मिळून मला त्या खोट्यात ठेवलं. मी माझ्या सख्ख्या भावाला वैरी धरलं आणि माझ्या ताटात वाढणारीला ठाऊक होतं की तो वैरी नाही. ती इथे रोज का येत होती तेही आता कळलं. माझं तोंड चुकवून इथे फेड करत होती. माझ्याशी दोन वाक्यं बोलली असती तर फेड करावी लागली नसती.

दाराशी लंकाबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. "आज मला जमायचं नाय. रेशन आलंय, रांग लावायची हाय. बाटली माठाजवळ हाय. तुम्ही भाऊ ना याचे? मग टोचा की. का नुसतं नातं सांगायला आलात?" आणि गेल्या.

बाटली घेतली. सिरिंज घेतली. मला ती वस्तू पूर्ण माहीत होती. चाळीस युनिटची, एका रेघेला एक युनिट. रेघा सरळ आहेत का, छपाई पुसट आहे का, हे सगळं मी एका नजरेत सांगितलं असतं. पण हातात धरली तेव्हा हाताला काहीच माहीत नव्हतं. मी बाटली हलवली.

"हलवतोस का रे? आवाज येतोय. फेस होतो. तळव्यात फिरव."

मी तळव्यात फिरवली.

"आधी हवा भर. ती बाटलीत सोड. मग औषध ओढ. अठरा." मग म्हणाला, "वहिनीला पण पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. रडायला लागली होती. मी म्हटलं, मला टोचायचंय, तुम्ही का रडता?"

त्याने बाही वर केली. दंड बारीक झाला आहे. मी चिमूट धरली तसा तो आखडला, कारण माझी बोटं गार होती.

"हलू नको," मी म्हणालो.

तो हलायचा थांबला. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मीही बराच वेळ सिरिंज हातात धरून बसलो. औषध केव्हाच आत गेलं होतं.

लताला मी माफ केलेलं नाही. नवनाथलाही केलेलं नाही. संध्याकाळची भरून ठेवली आहे. उद्या सकाळी पुन्हा जावं लागेल. लंकाबाईंचा काही भरवसा दिसत नाही.

रविवार, १३ एप्रिल

मनाली मॅडम भेटून गेल्या. वहीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही काढली नाही. नवनाथच्या पायाची जखम त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायची आहे, तेवढं बोललो. "कोण नवनाथ?" त्यांनी विचारलं. "माझा भाऊ," म्हणालो.

लताला विचारायचं बरंच आहे. रोज सातपूरच्या रिक्षात बसलो की एकेक आठवतं. ती याच स्टँडवर उभी राहायची, याच रिक्षांमधून जायची, आणि परतताना फुलं घ्यायची म्हणजे मला काही वाटू नये. फुलवाला अजून विचारतो, आजी का येत नाहीत. राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

आज सकाळी परत आलो. आमच्या घराची किल्ली लावली, फिरवली, तरी दार नुसतं खडखडलं, उघडेना. मग पाहिलं तर डाव्या हाताने मी मूठ वर उचलून धरली होती आणि गुडघा खाली टेकवला होता.

ही खडखड माझ्या ओळखीची आहे. सकाळी आठ वाजता मी आत पेपर वाचत बसलेला असायचो तेव्हा कधी कधी यायची.

"दार नीट उघडत जा," असं मी आतूनच ओरडायचो.